शिंगांची मोजदाद आणि इतिहासाचा पुरावा

१/ भिंतीवरच्या शिंगांकडे आपण कौतुकाने पाहतो किंवा तिटकाऱ्याने. अभ्यासकाने मात्र त्यांच्याकडे पुरावा म्हणून पाहावे आणि त्या पुराव्याची मर्यादाही ओळखावी.

२/ १८९२ मध्ये लंडनच्या रोलंड वॉर्ड यांनी जगभरच्या शिंगांच्या मोजमापांचा ग्रंथ छापला. त्याच्या पुढील आवृत्त्यांत हिंदुस्थानातील सांबर-बारशिंगेही आहेत.

३/ अमेरिकेत थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने १८८७ मध्ये स्थापन झालेल्या ‘बून अँड क्रॉकेट क्लब’ने १९५० मध्ये गुणांकनाची आजची पद्धत स्वीकारली. शिंगे किमान ६० दिवस सुकू द्यायची. मग मुख्य शाखांची व फाट्यांची लांबी, प्रत्येक शिंगाचा चार ठिकाणचा घेर आणि दोन शिंगांमधील आतले अंतर इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजायचे. नेहमीच्या घडणीच्या शिंगांत डाव्या-उजव्यांतील तफावत बेरजेतून वजा होते. म्हणजे भव्यतेइतकेच मोल सममितीला!

४/ मोठे प्राणी नामशेष होतील, मागे निदान नोंद तरी उरावी, ही या मोजदादीमागची एक प्रेरणा होती. पुढे अनेक जातींची संख्या सावरली आणि तीच नोंद संवर्धनाच्या यशाचा दाखला ठरली.

५/ हा दाखला मला अपुरा वाटतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणांत माद्यांना सहसा शिंगे नसतात. पाडसे आणि सामान्य नर किमान गुणांपर्यंत पोहोचत नाहीत. नोंदवहीत उरतात ते केवळ अपवाद. राजांच्या बखरी वाचून रयतेची स्थिती कळत नाही. तद्वत विक्रमी शिंगांवरून कळपाची कळत नाही. नोंदवही जरूर वाचावी, पण तिला जंगलाची शिरगणती समजू नये.