रस्ता कोणाच्या मालकीचा?

जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला या राष्ट्रीय महामार्गावर ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंडपणे घालण्यात आला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. रात्रंदिवस राबलेल्या कामगारांचे कौतुक करताना हात आखडता घेण्याचे कारण नाही. परंतु या महामार्गावरून येऊन या दोन शहरांत उतरणाऱ्या माणसाने पुढे घरी, कचेरीत वा दवाखान्यात जायचे कसे, या प्रश्नाचा शासनाने तेवढ्या निकडीने कधी विचार केला आहे काय? मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट लागू झाले, हे योग्यच झाले. पण खेड्यातून निघालेल्या मजूर बाईची ही सवलत बसस्थानकाच्या दारात संपते. तेथून पुढे ऑटोचे पूर्ण भाडे तिच्या मजुरीतून जाते.

शहरातील वाहतूक कोंडीवर सत्ताधाऱ्यांजवळ ठरावीक उपाय आहेत : उड्डाणपूल, रुंदीकरण आणि फेरीवाले हटविणे. अकोल्याच्या उड्डाणपुलाचे लोकार्पण मे २०२२ मध्ये थाटात झाले. पूल मोटारीला चौकावरून पलीकडे नेतो. पायी चालणारा खालीच राहतो. रुंद केलेल्या रस्त्याची कडा लवकरच उभ्या मोटारींनी व्यापली जाते. अमरावतीच्या राजकमल चौकात वा अकोल्याच्या टिळक मार्गावर भाजीवालीने टोपले मांडले तर ते अतिक्रमण ठरते. तिच्या टोपल्याहून कितीतरी अधिक जागा अडवून दिवसभर फुकट उभी राहणारी मोटार मात्र कायद्याला दिसत नाही. सार्वजनिक जमिनीची ही बिनभाड्याची वाटणी आहे, आणि ती कोणत्या वर्गाच्या पदरात पडते हे उघड आहे.

कोंडीचा सारा दोष ऑटोचालकाच्या माथी मारण्याचीही एक सोयीस्कर पद्धत पडून गेली आहे. वस्तुतः भरवशाची शहर बससेवा नसली म्हणजे तिची उणीव कर्ज काढून ऑटो घेणारा बेकार तरुणच भरून काढतो. बडनेरा हे अमरावती महापालिकेच्याच हद्दीत आहे. मुंबई-हावडा मार्गावरील गाड्या तेथे थांबतात. मध्यरात्री उतरलेल्या प्रवाशाला शहर गाठायचे तर ऑटोवाला सांगेल ते भाडे मोजावे लागते. ज्यांना ते परवडत नाही ते हप्त्यावर मोटारसायकल घेतात. ही हौस नव्हे, सक्ती आहे. पन्नास प्रवाशांची एक बस जेवढा रस्ता व्यापते, त्याच्या कितीतरी पट रस्ता त्या पन्नासांच्या मोटारसायकली व्यापतात, आणि शासन पुन्हा रुंदीकरणाच्या निविदा काढते.

सायकलीचा विषय निघाला की वऱ्हाडच्या उन्हाचे कारण पुढे केले जाते. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांवर जातो हे खरे. पण त्या उन्हातही बाजार समितीतील हमाल, बांधकाम मजूर सायकलवरच जातात. त्यांना कोणी विचारले नाही एवढेच. उन्हाची एवढी काळजी असेल तर रुंदीकरणात रस्त्याकडेचे निंब तोडले जातात कशासाठी? सायकलसाठी नुसता पांढरा पट्टा ओढूनही भागणार नाही. पुण्यात सायकल मार्गांवर वाहने उभी राहतात, हा अनुभव सर्वांपुढे आहे. कठडा हवा, सावली हवी, आणि चौकात सायकलवाल्याला आधी वाट हवी.

ज्या महामार्गावर विक्रम झाला, त्याच्याच वाटेवर मूर्तिजापूर आहे. तेथून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी, गोरगरिबांची शकुंतला रेल्वे कित्येक वर्षे बंद पडून आहे. तिच्यासाठी लोक आंदोलने करीत राहिले. विक्रमाची घाई मात्र तिच्या वाट्याला आली नाही.

मार्च २०२२ पासून दोन्ही महापालिकांवर प्रशासकांचे राज्य होते. जानेवारी २०२६ मधील निवडणुकांनंतर सभागृहे पुन्हा अस्तित्वात आली आहेत. कार्यकर्त्यांनी प्रभागाप्रभागात जाऊन पायी, सायकलने व ऑटोने कामावर जाणाऱ्यांची मोजणी करावी, महिन्याकाठी त्यांचा किती पैसा प्रवासात जातो ते लिहून घ्यावे आणि ही नोंद नगरसेवकांपुढे ठेवावी. अंदाजपत्रकात उड्डाणपूल व डांबरीकरणाला किती रुपये आणि बस, पदपथ व सायकल मार्ग यांना किती, हा प्रश्न महापालिकेच्या दारात मोर्चा नेऊन विचारला गेला पाहिजे.