बुलेटप्रूफ जॅकेटमध्ये पोलादी पत्रा का चालत नाही?

हिंगोलीच्या राज्य राखीव दलातला जवान असो की परभणीतून सैन्यात गेलेला मुलगा, त्याच्या जॅकेटबद्दल विचारायचा प्रश्न एकच: कोणती गोळी अडवतं?

साध्या गोळीत शिसं असतं, ती पोलादावर आदळून चपटी होते. चिलखतभेदी गोळीच्या पोटात कडक पोलादाचा गाभा असतो. तो चपटा न होता पत्र्यात घुसतो. (१२.७ मिमी गोळीची ऊर्जा ७.६२च्या साधारण पाचपट. तिच्यासाठी गाडीचंच चिलखत लागतं.)

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १७०५१ : २०१८ या मानकात सहावी पातळी ७.६२ × ५४ आर चिलखतभेदी गोळीची आहे. एप्रिल २०२४ मध्ये डीआरडीओने जाहीर केलेल्या जॅकेटच्या पुढच्या प्लेटने चंदीगडच्या प्रयोगशाळेत अशा सहा गोळ्या अडवल्या. जॅकेटसोबत वापरायच्या या प्लेटचं वजन चौरस मीटरला ४० किलोपेक्षा कमी. तेवढ्याच वजनाच्या पोलादी पत्र्याची जाडी जेमतेम ५ मिमी भरते, आणि ही गोळी तो भेदून जाते.

म्हणून सिरॅमिक. ते गाभाच फोडतं, मागचा पॉलिमर तुकडे धरतो. पण सिरॅमिकला तडे जातात, त्यामुळे एका गोळीची चाचणी पुरत नाही. शिवाय गोळी अडली तरी प्लेटमागच्या मातीत पडलेला खड्डा मोजतात, कारण तिथे छाती असते.