तिकीट नसलेला फेस्टिव्हल

एप्रिल लागला रे लागला की मोबाइलवर मेसेजेसचा पाऊस सुरू होतो. मँगो फेस्टिव्हल, बिर्याणी फेस्टिव्हल, रूफटॉपवर जॅझ, मॉलमध्ये पॉटरी वर्कशॉप. एन्ट्री अमुक रुपये, कपलला डिस्काउंट! परवा अशीच यादी चाळता चाळता रूममेटनं विचारलं, ‘‘तुमच्या परभणीत काय असतं गं उन्हाळ्यात?’’

‘‘ऊन,’’ मी म्हणाले आणि विषय संपवला.

उत्तर खोटं नव्हतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात जातो, आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. पण रात्री झोप लागेना. वाटलं, आपण गावाची बाजू नीट मांडलीच नाही. कारण इव्हेंट्स तर आमच्याकडेही असतात. फक्त त्यांचं होर्डिंग लागत नाही आणि तिकीट मिळत नाही.

फूड फेस्टिव्हलचंच घ्या. आमचा पहाटे पाचला सुरू होतो, गच्चीवर. तीन दिवस भिजवलेले गहू वाटून, गाळून काढलेला चीक मोठ्या पातेल्यात रटरटत असतो. ऊन वर यायच्या आत कुरडया घालून व्हायला हव्यात, म्हणून गल्लीतल्या चार घरच्या बायका एकीकडे जमतात. आज आमच्याकडे, उद्या समोरच्या काकूंकडे. सोऱ्या फिरवणारी वेगळी, चीक हाटणारी वेगळी. आम्हा पोरांचं काम एकच, वाटीत गरम चीक घेऊन त्यात दूध-साखर घालून खायचा आणि नंतर कावळे हाकलायचे. सोबत खारोड्या, सांडगे, पापड. आणि मराठवाड्याची खास वस्तू म्हणजे येसर. भाजलेली धान्यं आणि मसाले दळून ठेवायचे, पाहुणे आले की चटकन आमटी तयार. ‘रेडी टु कुक’ हा शब्द आमच्या आजीला माहीत नव्हता, पण डबा मात्र फडताळात कायम भरलेला असायचा!

आंब्याचंही तसंच. अक्षय तृतीयेला पितरांना रस-पोळीचा नैवेद्य दाखवल्याशिवाय आमच्या घरात आंबा कापत नाहीत. बाजारात पेट्या आल्या तरी आजी हटकायची, ‘‘कामून घाई करायलीस? आखिती होऊ दे की.’’ वाट बघून खाल्लेला तो पहिला आंबा कुठल्याही मँगो फेस्टिव्हलला भारी पडतो.

थोडं शेतीचं. परभणीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ ची. २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावानं ओळखलं जातं. दरवर्षी १८ मेच्या सुमाराला तिथं खरीप शेतकरी मेळावा भरतो. बियाण्यांसाठी गावोगावचे शेतकरी येतात. तुम्ही म्हणाल, आम्ही तिथं जाऊन काय करायचं? अहो, तुमच्या ताटातली भेंडी कदाचित तिथूनच आली असेल. ‘परभणी क्रांती’ हे भेंडीचं प्रसिद्ध वाण याच विद्यापीठाचं. पानं पिवळी पाडणाऱ्या रोगाला दाद न देणारं, म्हणून देशभर गेलं. आणि २०१८ ची ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी, लोह आणि जस्त जास्त असलेली. पुण्यात मिलेट कॅफेत बसून महागडी भाकरी मागवणाऱ्या मंडळींनी एकदा तरी हा मेळावा बघावा.

आता आर्ट. इथं मात्र विषय माझ्या अंगाशी येतो.

उन्हाळा म्हणजे लग्नसराई आणि लग्न म्हटलं की गोंधळ. गोंधळमहर्षी म्हणून ज्यांचं नाव घेतात ते राजारामबापू कदम आमच्या परभणीचेच. पाटावर नवं कापड, त्यावर धान्याचा चौक, कलश, भोवती ज्वारीची ताटं नाहीतर ऊस. मग संबळ कडाडतं, तुणतुणं लागतं, दिवटी पेटते. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, एकेका देवाला नाव घेऊन बोलावलं जातं. कुठला देव विसरून चालत नाही. त्यानंतर रंगतं ते आख्यान. एकच माणूस राजा होतो, राणी होतो, मध्येच समोर बसलेल्या काकांची फिरकी घेतो आणि पुन्हा कथेत शिरतो. विठ्ठल उमपांनी शहरातल्या स्टेजवर गाजवलेलं ‘जांभूळ आख्यान’ तुम्ही ऐकलं असेल. एका जांभळापायी द्रौपदीच्या मनातलं कर्णाचं गुपित फुटतं, ती गोष्ट. स्टँड-अप, म्युझिकल आणि थिएटर, तिन्ही एका अंगणात, आणि शो उजाडेपर्यंत!

म्हणजे, असायचा. मागच्या मेमध्ये चुलतभावाच्या लग्नात गोंधळाला चाळीस मिनिटं मिळाली. पुढं डीजे होता. देवांना बोलावणं झालं, आख्यान सुरू झालं आणि कुणीतरी येऊन हातानंच खूण केली, आवरा. गोंधळी बापूंनी कुरकुर केली नाही. आरती केली, संबळ गुंडाळलं. त्यांच्या मुलाला मी विचारलं, पुढची गोष्ट काय होती? तो चाकणला कंपनीत कामाला, सीझनपुरता सुट्टी काढून येतो. म्हणाला, ‘‘ताई, खरं सांगू? पूर्ण मलाच येत नाही. पूर्ण सांगायची वेळच येत नाही ना आता.’’

ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. विसरणारा तो नव्हता, विसरायला लावणारे आम्ही होतो. चाळीस मिनिटं देणाऱ्यांत मीही होते. मीही तेव्हा डीजेसाठीच साडी बदलायला गेले होते.

यंदा माझं लग्न आहे. पुण्यातला हॉल रात्री दहाला बंद होतो. पॅकेजमध्ये मेंदी आहे, संगीत आहे, सेल्फी पॉइंट आहे. गोंधळाला कॉलम नाही. आई म्हणाली, ‘‘राहू दे, नंतर कधीतरी घालू.’’ हे नंतर कधी येत नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

म्हणून संगीत कॅन्सल केलं. गोंधळ परभणीत, आमच्या अंगणात, एक अख्खी रात्र. त्याच बापूंना सांगितलंय, आख्यान पूर्ण हवं. मुलाला शेजारी बसवा. होणारा नवरा पुण्याचा, आयटीतला. त्यानं कॅलेंडर उघडून विचारलं, ‘‘एंड टाइम काय टाकू?’’

‘‘उजाडलं की.’’

त्यानं दुसऱ्या दिवसाचीही सुट्टी टाकली. पोरगं बरं निघालं म्हणायचं!

तुम्हाला यायचं असेल तर

मुंबईहून रात्री देवगिरी एक्स्प्रेस पकडा, सकाळी परभणी. तिथून परळीच्या लाइनवर गंगाखेड, गोदाकाठचं संत जनाबाईंचं गाव, तेही बघून घ्या. फिरणं सकाळी नाहीतर संध्याकाळी. दुपारी फक्त ताक आणि झोप. ऑफिसात परभणी, जिंतूर, सेलूकडचं कुणी असेल तर उन्हाळ्यात घरी काय आहे, एवढंच विचारा. आमंत्रण मिळाल्याशिवाय राहणार नाही. गोंधळाला बसलात तर दिवटीत तेल घाला, ताटात दक्षिणा ठेवा, मोबाइल खिशात ठेवा. आणि काहीही झालं तरी मध्येच उठू नका.