उतारशाळा आणि उतारू

प्रवासाने मनुष्य शहाणा होतो हे सर्वमान्य आहे. परंतु रात्री पाठ कोठे टेकावी हा प्रश्न सुटल्यावाचून प्रवास घडत नाही, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. धनिकांस ही अडचण नाही. शहापुराहून कसाऱ्याकडे अथवा मुरबाडाहून माळशेजकडे जाताना त्यांच्यासाठी बंगले व विश्रांतिगृहे उभी आहेतच. ज्याच्या खिशात गाडीभाड्यापलीकडे थोडेच उरते, त्या विद्यार्थ्याने काय करावे? स्वस्त आणि चाकोरीबाहेरच्या ठिकाणी उतरण्याची हौस तरुणांत वाढत आहे. आमच्या मते ही हौस स्तुत्य आहे; मात्र तिच्याबरोबर काही कर्तव्येही येतात, व ती सांगणे हाच या लेखाचा हेतू होय.

अशा ठिकाणांचा आपल्याकडे तुटवडा नाही. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची वाट चढते. कल्याण बंदराचा माल जुन्नरास नेणारे व्यापारी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी याच वाटेने जात. घाटमाथ्यावरील लेण्यात तिन्ही भिंतींस लागून दगडी बाके कोरलेली असून भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. देहरी गावावरील गोरखगडाच्या कातळात गुहा व पाण्याची टाकी आहेत. तेथे आजही गिर्यारोहक रात्र काढतात. पौष पौर्णिमेस म्हसे येथे गुरांचा मोठा बाजार भरतो, तेव्हा दूरदूरचे व्यापारी पाल ठोकून उघड्या माळावरच संसार मांडतात. यांपैकी कोठेही श्रीमंती लागत नाही. अंगावर घ्यावयास एक घोंगडी असली की पुरे.

तथापि जुन्या काळचे सर्वच गोड मानण्याचे कारण नाही. धर्मशाळा पुष्कळ होत्या, परंतु त्यांचे दार सर्वांस उघडे नव्हते. सार्वजनिक पैशाने चाललेल्या पाणवठ्यांवर व धर्मशाळांत अस्पृश्य मानलेल्यांस मज्जाव नसावा, असा ठराव रावबहादूर सीताराम केशव बोले यांस १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात आणावा लागला. त्यापूर्वी १९१७ साली डॉ. आंबेडकर परदेशातील विद्या संपादून बडोद्यास नोकरीवर गेले, तेव्हा त्यांस कोठेच थारा मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले; पण तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांस बाहेर काढले. १९५० पासून अमलात असलेल्या राज्यघटनेने असा भेद निषिद्ध केला आहे. तेव्हा ज्या ओटीवर पथारी पसरण्याआधी जात विचारली जाते, ती ओटी फुकट मिळाली तरी आपल्या विद्यार्थ्यांनी तिचा स्वीकार करू नये.

आता उतारूंच्या कर्तव्याविषयी. लेण्यास भाडे नाही, म्हणून त्यास धनीही नाही, असे पुष्कळांस वाटते. मग दोन सहस्र वर्षे टिकलेल्या भिंतीवर कोणी कोळशाने आपले नाव लिहितो, कोणी टाक्याच्या पाण्यात खरकटे धुतो, आणि त्याच टाक्यावर पुढच्या तहानलेल्याची भिस्त असते. स्वस्त आणि फुकट यांत अंतर आहे. पैसा द्यावा लागत नाही तेथे काळजी द्यावी लागते.

आमच्या मते सर्वांत उत्तम उतारशाळा म्हणजे गावकऱ्याचे घर. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली पडवी, तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, आणि पहाटे वाट दाखविणारा घरधनी ही कोणत्याही विश्रांतिगृहात विकत मिळत नाहीत. राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. त्याचा लाभ ठाकूर, कातकरी व कुणबी यांच्या वाड्यांपर्यंत पोहोचला पाहिजे. नाही तर जमीन विकून त्याच जमिनीवरील बंगल्याची राखण करणे एवढेच त्यांच्या नशिबी उरेल.

कोणी म्हणतील, पाहुणचाराचे पैसे देणे म्हणजे यजमानाचा अपमान. आम्हांस तसे वाटत नाही. दृष्टांतातील शोमरोन्याने जखमी परक्यासाठी उतारशाळेच्या रखवालदारास स्वतःची नाणी मोजून दिली, आणि अधिक खर्च झाल्यास तोही परतताना देण्याचे कबूल केले. त्यामुळे त्याची दया उणी झाली नाही. ज्या घरी उद्याच्या भाकरीची विवंचना आहे तेथे फुकट जेवून आभार मानणे, हा कसला सन्मान?

पाण्याचेही तसेच. तानसा व भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातील असून त्यांचे पाणी मुंबईस जाते. मात्र याच तालुक्यातील कित्येक पाड्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तेथे शहरातून गेलेल्या पाहुण्याने दोन बादल्यांनी स्नान करणे शोभत नाही. यजमानीण जो हंडा डोक्यावरून आणते, त्यातील तांब्याचाही हिशेब त्याने मनात ठेवावा.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुट्टीत अवश्य बाहेर पडा. थोडक्यात राहा, पण ज्याच्या छपराखाली निजलात त्याचे नुकसान करून राहू नका. आमच्या प्रभूच्या जन्मकाळी उतारशाळेत जागा नव्हती. हे ज्यांस ठाऊक आहे त्यांनी परक्यास जागा देणाऱ्या माणसाची किंमत तरी ओळखावी, आणि आपल्या दाराशी कोणी उतारू आला असता त्यास परत धाडू नये.