माथ्यावरचे गवत

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना व टेनेसी या दोन राज्यांच्या सीमेलगत ‘मॅक्स पॅच’ नावाचा एक डोंगर आहे. उंची सुमारे 4,600 फूट. भोवतालचे डोंगर दाट अरण्याने झाकलेले. याचा माथा मात्र मोकळा, गवताळ. वाहनतळापासूनची चढण लहानशी असल्याने मुले व वृद्धही सावकाश वर पोहोचतात. तेथून चहूकडे निळसर पर्वतरांगा दिसतात. हवा निरभ्र असल्यास पूर्वेकडील 6,684 फूट उंचीचे माउंट मिचेलही. जॉर्जियापासून मेनपर्यंत चौदा राज्यांतून जाणारी, सुमारे 3,500 किलोमीटर लांबीची अ‍ॅपलाचियन पायवाट याच माथ्यावरून जाते.

पाहणाऱ्यास वाटते, हे कुरण निसर्गानेच अंथरले असावे. वस्तुस्थिती निराळी आहे. गुरे व मेंढ्या चारण्यासाठी पूर्वीच्या पिढ्यांनी येथील झाडे तोडली. 1982 मध्ये वनखात्याने ही जमीन विकत घेतली. चराई थांबल्यावर झुडपांनी व पुढे रानाने माथा व्यापला असता. म्हणून गवत कापून व नियंत्रित आग लावून तो मोकळा राखला जातो.

झुडपांपासून जपलेले हे गवत पुढे माणसांपासून जपण्याची वेळ आली. सप्टेंबर 2020 मध्ये आकाशातून घेतलेल्या एका छायाचित्रात माथ्यावर शंभराहून अधिक तंबू दिसले. मागे उरला कचरा, शेकोट्यांचे काळे डाग आणि गवत तुडवून पडलेल्या नव्या वाटा. आलेल्यांपैकी कोणीही डोंगराचे वाईट चिंतले नव्हते. प्रत्येकाच्या हिशेबी त्याचा तंबू एकच होता.

जुलै 2021 पासून वनखात्याने निर्बंध लागू केले : मुक्काम नाही, शेकोटी नाही, एका गटात दहाहून अधिक माणसे नाहीत, आखलेली वाट सोडून चालणे नाही. येण्यास मज्जाव नव्हता. सूर्यास्तानंतर तासाभरात परतणे एवढेच बंधन होते.

ठेवीचे मुद्दल शाबूत असेल तोवरच व्याज हाती येते. माथ्यावरचे गवत हे मुद्दल, तेथील दर्शन हे व्याज. नियमाची पाटी लागण्यापूर्वीच ज्याला हा भेद कळतो, त्याच्यासाठी पाटीची गरज उरत नाही. एखाद्या माथ्यावर पाऊल ठेवताना वाचकांनी एवढेच स्मरावे की, मागून येणाऱ्याचाही त्या गवतावर तितकाच हक्क आहे.