बोलण्याचा मोबाइल आणि बघण्याचा मोबाइल

गेल्या काही वर्षांत दवाखान्यात येणाऱ्या लहान मुलांच्या तक्रारी बदलल्या आहेत. जंत, खरूज, खोकला आजही आहेच. पण त्यांच्या जोडीला डोके दुखणे, डोळे चुरचुरणे, रात्री झोप न येणे आणि जेवणाचा हट्ट या तक्रारी वाढल्या आहेत. विचारपूस केली की सोबतची आजी सांगते, "डॉक्टरसाहेब, मोबाइल हातात दिल्याबिगर घासच घेत नाही बघा."

आई-वडिलांऐवजी आजी का येते, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. तेलगावला साखर कारखाना असला तरी धारूर, माजलगाव, वडवणी या पट्ट्यातले हजारो जोडपी दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. चार-पाच महिने मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. अशा घरात मोबाइल म्हणजे आईचा आवाज. म्हणूनच "मोबाइल फेकून द्या" असा सल्ला देणाऱ्यांशी मी सहमत नाही. माझे मत असे की, घरातला मोबाइल एक नसून दोन आहेत : एक बोलण्याचा आणि दुसरा बघण्याचा. अपाय होतो तो दुसऱ्याने.

हा फरक केवळ माझ्या मनाचा नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली दीड वर्षाखालील मुलांना पडदा दाखवू नका असे सांगितले, पण व्हिडिओवरून घरच्यांशी बोलण्याला त्यातून सूट दिली. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्ला असा की, दोन वर्षांपर्यंत मुलाला पडद्यासमोर बसवूच नये आणि पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाच्या वर बसवू नये.

अपाय कसा होतो?

आपली पापणी मिनिटाला साधारण १५ वेळा लवते. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर येते. डोळा कोरडा पडतो व चुरचुरतो. सतत जवळचे पाहणाऱ्या आणि उन्हात न खेळणाऱ्या मुलाचे बुबुळामागचे नेत्रगोल लांबट होत जाते, दूरचे अंधूक दिसते आणि लहान वयात चष्मा लागतो. रोज दोन तास मोकळ्या उजेडात खेळणाऱ्या मुलांत हा दोष कमी आढळतो.

झोपेचेही तसेच. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. रात्री डोळ्यावर पडणाऱ्या उजेडाने झोप आणणारा मेलाटोनिन हा स्राव लांबतो, आणि एकामागून एक येणाऱ्या चित्रांनी मन जागे राहते. मग मूल शाळेत पेंगते आणि आपण त्याला आळशी म्हणतो.

यात दोष एकट्या मुलाचा नाही. बोटाने सरकवत राहिले तरी न संपणारे पान २००६ साली अझा रास्किन या तंत्रज्ञाने तयार केले. पुढे त्यानेच त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. ज्या वस्तूला शेवटच नाही, ती आठ वर्षांच्या मुलाने आपणहून बाजूला ठेवावी, ही अपेक्षा कितपत योग्य?

एका गावाचा भोंगा

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये एक साधा निर्णय घेतला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही व मोबाइल बंद. त्या वेळात मुलांनी अभ्यास, मोठ्यांनी वाचन, गप्पा. महिलांच्या सभेत हे ठरले आणि आशा सेविका, अंगणवाडी सेविका व निवृत्त शिक्षकांनी घरोघरी फिरून समजावले. यातली मला पटलेली गोष्ट म्हणजे नियम सगळ्या गावाला एकच. शेजारचे पोर बघत नसले की आपलेही हट्ट धरत नाही.

आपल्याकडे मात्र तो जसाच्या तसा उचलता येणार नाही. फडातून थकून आलेली आई नेमकी त्याच वेळी फोन करते. कधी गाडी भरायला रात्र होते. म्हणून आपला नियम असा असावा : घंटी चालू, पडदा बंद. फोन आला की उचलावा, मनसोक्त बोलावे, आईचे तोंडही पाहावे. बोलणे संपले की मोबाइल फळीवर. ग्रामसभेने मनावर घेतले तर याला एक पैसा लागत नाही.

कायद्याचे काय?

ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालील मुलांची समाजमाध्यमांवरील खाती १० डिसेंबर २०२५ पासून बंद केली. नियम मोडला तर दंड कंपनीला, मुलाला किंवा पालकाला नाही. हे तत्त्व मला योग्य वाटते. आपल्याकडे २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास पालकांची संमती आवश्यक ठरवली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मात्र संमतीच्या तरतुदीला १८ महिन्यांची मुदत दिली. हेतू चांगला आहे, पण आपल्या घरातला मोबाइल आजोबांच्या नावावर असतो. कंपनीच्या लेखी पडद्यापुढे ६५ वर्षांचा म्हातारा बसलेला आहे, नातू नव्हे! अशा घरापर्यंत हा कायदा कसा पोहोचणार, हे आपल्या आमदार-खासदारांना विचारायला हवे.

तोवर घरी एवढे करावे :

१) जेवताना मोबाइल नको. दोन दिवस मूल रडेल, भूक लागली की जेवेल.

२) निजण्याआधी तासभर पडदा बंद, रात्री मोबाइल मुलाच्या उशाशी ठेवू नये.

३) शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत मूल अंगणात असावे.

४) मूल फळ्यावरचे वाचताना डोळे बारीक करत असेल तर डोळे तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा त्यांना आवर्जून सांगावे.

५) ऊसतोडीला निघण्यापूर्वी आई-वडिलांनी फोनची वेळ मुलाला सांगून जावे. आईचा फोन कधी येणार हे माहीत असलेले मूल दिवसभर मोबाइल धरून बसत नाही.