विश्लेषण : खोटी चिठ्ठी उघडी पडली आणि रानपिंगळा सापडला! काय होते हे प्रकरण?

रानपिंगळा हा जगात फक्त मध्य भारतातील जंगलांत आढळणारा पक्षी. तब्बल ११३ वर्षे त्याचा खात्रीशीर पुरावा नव्हता. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला. मात्र या शोधाचा एक धागा इंग्लंडमधील संग्रहालयाच्या कपाटात होता.

चिठ्ठीवर काय लिहिले होते?

काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ए. ओ. ह्यूम पक्षितज्ज्ञही होते. १८७३ मध्ये त्यांनीच या पक्ष्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. संग्रहालयांत त्याचे अवघे सात नमुने होते. त्यातील सहा १८८४ पर्यंतचे. सातव्याच्या चिठ्ठीवर मात्र ठिकाण होते गुजरातमधील मांडवी, वर्ष १९१४ आणि नाव कर्नल रिचर्ड माइनर्टझागेन यांचे. त्यामुळे तोच सर्वांत अलीकडचा पुरावा मानला गेला.

बनाव कसा उघड झाला?

नमुन्याचे कातडे सोलण्याची, कापूस भरण्याची आणि टाके घालण्याची प्रत्येक संग्राहकाची स्वतःची पद्धत असते. पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी या नमुन्याची एक्स-रेसह बारकाईने तपासणी केली. तेव्हा त्यावर जेम्स डेव्हिडसन यांच्या हाताच्या खुणा आढळल्या. डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात हे पक्षी गोळा केले होते. माइनर्टझागेन यांनी त्यातीलच एक चोरून, पुन्हा भरून, नवी चिठ्ठी लावली होती.

त्यामुळे काय बदलले?

मांडवीची नोंद बाद झाली. शोधाचा भर जुन्या, खऱ्या नोंदींच्या ठिकाणांवर आला. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अबॉट यांना शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला.

आज याचे महत्त्व काय?

त्यानंतर हा पक्षी मेळघाट आणि तानसा अभयारण्यातही आढळला. तरीही आययूसीएनच्या यादीत तो संकटग्रस्त आहे, कारण तो राहतो ती सागाची कोरडी जंगले तोड आणि शेतीमुळे आक्रसत आहेत. कोणते जंगल वाचवायचे, हे पक्षी नेमका कुठे होता आणि आहे यावरून ठरते. मुंबईच्या बीएनएचएससह अनेक संस्थांकडे हजारो जुने नमुने आहेत. त्यांची जपणूक आणि नोंदींची फेरतपासणी म्हणूनच महत्त्वाची. चिठ्ठी चुकीची असेल, तर संवर्धनाचा पैसा आणि वेळही चुकीच्या जंगलात जाऊ शकतो.